बेगमबीचा चिनी हिरवा

बेगमबीकडं कापड रंगवायला जायचं तर बरोबर दोन गोष्टी न्याव्या लागतात: एक चिंधी आणि एक जाड कातडी. चिंधी रंग मिळवायला आणि कातडी तिचं बोलणं सोसायला. लातूरच्या गोलाईतून जे रस्ते फुटतात, त्यांतल्या एकाच्या पोटात शिरलं की डाव्या हाताला सदा वाफाळणारं एक दुकान लागतं. दुकान म्हणजे काय, पत्र्याचं छप्पर, दोन शेगड्या, ॲल्युमिनियमची रंगानं काळीनिळी झालेली पातेली आणि वर दोरीवर टांगलेल्या ओल्या ओढण्या. खाली पाटावर बेगमबी. नवरा होता तेव्हा तो रंगवायचा आणि ही गिऱ्हाइकाशी भांडायची. तो गेल्यावर दोन्ही कामं हिच्याच गळ्यात पडली, आणि खरं सांगायचं तर दोन्हीत ती त्याच्यापेक्षा सरस निघाली.

तिचा नियम एकच. चिंधी आणा, रंग न्या. ब्लाऊजची, साडीच्या काठाची, चादरीची, कशाचीही चिंधी चालेल, पण तोंडी वर्णन चालणार नाही. एकदा एक बाई म्हणाली, "आमसुली पाहिजे, पण जरासा डाळिंबाकडं झुकलेला." बेगमबी म्हणाली, "मग डाळिंबवाल्याकडं जा की. तो झुकवून देईल." बाई रागानं गेली आणि दुसऱ्या दिवशी चिंधी घेऊन आली. सगळ्या येतात. कारण बेगमबीनं रंगवलेलं कापड रंग चुकला म्हणून परत आलंय, असं त्या गल्लीत कोणी ऐकलेलं नव्हतं.

याच गोष्टीची तिला घमेंड, आणि ह्या घमेंडीनंच तिला एकदा अडकवलं. तिचा मुलगा अकरम नांदेडला असतो. एसी आणि फ्रिज दुरुस्त करतो, बरं चाललंय. दर खेपेला आला की एकच धोशा, "अम्मी, बस झालं आता. वाफेत बसून बसून हाडं शिजली तुमची. नांदेडला चला." बेगमबी एकदा आठवडाभर जाऊन आली होती. तिसरा मजला. खाली रस्ता आहे की नाही ते वाकून बघावं लागतं. सून सुमय्या तर इतकी चांगली, की तिच्याशी भांडायला कुठं बोटही ठेवता येत नाही. चहा मागायच्या आत चहा. आठवडाभर कुणाला एक शब्द लागेलसं बोलायला न मिळाल्यानं बेगमबीला ताप आला होता.

तेव्हा मागच्या ईदला अकरमनं पुन्हा विषय काढल्यावर ती ताडकन बोलून गेली, "ज्या दिवशी माझ्या हातचं एक कापड रंग चुकला म्हणून परत येईल, त्या दिवशी ह्या दुकानाला कुलूप. मग ने तुझ्या त्या तिसऱ्या मजल्यावर आणि ठेव शिंक्यात." समोर भाजीवाली नागाबाई बसली होती, पलीकडं सटवाजी चहा गाळत होता. दोघांनी ऐकलं. अकरम हसला आणि म्हणाला, "हे दोघं साक्षीदार." झालं, शब्द गेला तो गेला.

आणि मग तिचे डोळे गेले.

एकदम नाही गेले. आधी पांढरं कापड पिवळट दिसायला लागलं. बेगमबीनं साबणाला शिव्या घातल्या. मग सगळं जगच चहाच्या गाळणीतून पाहिल्यासारखं दिसायला लागलं. निळा आणि हिरवा शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटायचे, जांभळा आणि तपकिरी ओळखू यायचे नाहीत. मोतीबिंदू आहे हे तिला कळत होतं, पण डोळ्यात कुणी काही घालणार ह्या विचारानंच तिची पाचावर धारण बसायची. शिवाय दवाखान्यात जायचं म्हणजे अकरमला कळणार, आणि अकरमला कळलं की तिसरा मजला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ती गप्प बसली.

पण गप्प बसून रंग कसा द्यायचा? तर बेगमबीनं एक अक्कल लढवली. गिऱ्हाईक चिंधी घेऊन आलं की ती चिंधी दोन बोटांत धरून उजेडात हलवायची आणि डाफरायची, "सांग बघू, कोणता हाय हा? आजकालच्या पोरींना रंगाची नावंबी येईनात." पोरगी घाबरून म्हणायची, "वांगी, आजी." तेवढ्यावर विश्वास नाही. मग समोर हाक. "ए नागाबाई, ही पोरगी ह्याला वांगी म्हणून राहिली. तुला पटतं का?" नागाबाई भाजीवर पाणी मारता मारता चिंधीकडं बघायची. "वांगीच की. पण भरताचं न्हाई, काटेरी वांगं." एवढं ऐकलं की बेगमबी मनातल्या मनात हसायची आणि मागं न बघता डबे काढायची. डब्यांच्या जागा ठरलेल्या. लाल भिंतीकडचा, पिवळा पोचा पडलेला, निळ्याला झाकण ढिलं, हिरव्याला कडी तुटलेली. कोणी डबा हलवला तर खून. किती पाण्याला किती भुकटी, हे हाताला पाठ होतं. आपण सगळ्या गल्लीला कसं बनवून राहिलो, ह्याचा तिला इतका आनंद व्हायचा, की कधी कधी डोळे गेल्याचं दुःखही विसरायला व्हायचं.

अशात तो चिनी पिक्चर आला.

कुठल्याशा चॅनेलवर हिंदीत लागला आणि मग घराघरातल्या मोबाईलवर पोचला. जुन्या काळच्या चीनमधली गोष्ट. राजा, राणी, राजाचा भाऊ, आणि राणीची रखवाली करणारी एक तलवारवाली बाई. मिठागरासारखं पांढरंशुभ्र मैदान, त्यावर काळ्या घोड्यांची रांग, आणि मधोमध ही बाई, अंगावर पायघोळ डगला. ती गिरकी घ्यायची तेव्हा डगला इतका फुलायचा की सगळा पडदा त्या एकाच रंगानं भरून जायचा. शेवटी धुक्यात एक मुखवटेवाला येतो, राजाला मारतो आणि निघून जातो. पिक्चर संपतो. मुखवट्यामागं कोण, ह्यावरून सगळी गल्ली पेटली.

सटवाजी तरुणपणी रेणापूरच्या जत्रेत कुस्त्या मारायचा. त्याचं मत होतं की अर्धे डाव चिन्यांनी आपल्याकडून नेलेत. "ती बाई पाण्यावरून पळाली तेव्हा चप्पल भिजली न्हाई, ते सोडा. पण नंतर तिनं जो टाकला तो सरळ धोबीपछाड हाय. फक्त त्यांनी हवेत टाकला." मुखवटेवाला म्हणजे राजाचा भाऊ, हे तो चहाच्या प्रत्येक कपासोबत फुकट सांगायचा.

नागाबाईला पिक्चरमध्ये एकच खोट दिसली. "एवढी तलवार चालवली त्या बाईनं, पण साऱ्या पिक्चरमधी एक घास खाल्ला न्हाई. तिच्या जिवाला काही हाय का न्हाई?" तिच्या मते मुखवटेवाला नव्हताच, ती राणी होती. "नवऱ्यानं असं वागवल्यावर कोणबी बाई मुखवटा घालील."

ओढण्या आणि ब्लाऊजपीसचं दुकान असलेला संगमेश पिक्चर बघता बघता कापड मोजत होता. "डगल्याला तागेच्या तागे गेलेत. असलं कापड घालून मारामारी म्हणजे मारामारी न्हाई, प्रदर्शन हाय." त्याला वाटत होतं की राजानं स्वतःचाच खून पाडल्याचं नाटक केलं. हे ऐकून सटवाजीनं त्याला आठवडाभर बिनसाखरेचा चहा दिला.

आणि बेगमबी? बेगमबीनं पिक्चर न बघताच मत देऊन टाकलं होतं. "फालतू," ती म्हणाली. "उडणारी माणसं बघायला मला वेळ न्हाई. इथं चालणारीच सांभाळून पुरे झाली."

हे एवढ्यावर निभावलं असतं. पण नागाबाईची नात राजकन्या रेणापूरच्या कॉलेजात होती आणि त्यांचं स्नेहसंमेलन तोंडावर आलं होतं. पोरींनी लेझीम घेऊन तो मैदानातला प्रसंग बसवला होता. सगळ्यांना डगले पाहिजेत, आणि रंग अगदी तोच पाहिजे. राजकन्या पांढऱ्या कापडाचा गठ्ठा घेऊन दुकानात आली.

"चिंधी?" बेगमबीनं विचारलं.

"चिंधी चीनमधी हाय, आजी."

समोर हशा झाला. बेगमबी म्हणाली, चिंधी नाही तर रंग नाही. तिथंच थांबली असती तर बरं होतं. पण संगमेशला खोडी काढल्याशिवाय जेवण पचत नाही. तो आपल्या दारातून म्हणाला, "राहू दे गं राजकन्या. चाचीला जमणारं काम न्हाई ते. मी हैदराबादहून करून आणतो."

"ठेव तो गठ्ठा," बेगमबी म्हणाली.

राजकन्येनं लगेच मोबाईलवर पिक्चर लावून तिच्या नाकासमोर धरला. बेगमबीला नुसता लखलखाट दिसला, काजवा बाटलीत कोंडावा तसा. ती म्हणाली, "एवढ्याशा चौकटीत कोणी रंग धरतं का? मोठं दाखव." तिला वाटलं, मोठं कुठून आणतील, सुटलो. तर संगमेश म्हणाला, "माझ्या दुकानातला टीव्ही हाय की मोठा. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढतो, सगळे मिळून बघू."

आपल्या तोंडानंच आपण खड्डा खणला, हे बेगमबीला कळलं. पण तिला आपल्या हिकमतीचा भरवसा होता. सगळे असतील, सगळे बोलतील. 'सांग बघू' म्हणायचं आणि कानानं रंग धरायचा.

रविवारी ती संगमेशच्या दुकानात शिरली तर गादीवर लोडाला टेकून अकरम बसलेला. सटवाजीचा चहा पीत होता. "सहज आलो, अम्मी," तो म्हणाला. "म्हणलं, तुम्ही पिक्चर बघणार म्हणजे बघायलाच पाहिजे." ती त्याच्याकडं पाठ करून बसली.

पिक्चर सुरू झाला. बेगमबीला दिसलं ते असं: फिकट चहात काही गडद चहा इकडून तिकडं पळत होता. तलवारींचे आवाज मात्र छान येत होते. सटवाजी डाव समजावून सांगत होता, नागाबाई "आता तरी दोन घास खा गं बाई" म्हणत होती. आणि मग ढोल वाजले, गल्लीवाले गप्प झाले, पडदा एका रंगानं भरला. संगमेशनं तिथंच पिक्चर थांबवला. सगळ्यांचे चेहरे बेगमबीकडं वळले. हे तिला दिसलं नाही, जाणवलं.

तिनं घसा साफ केला. "सांगा बघू, कोणता हाय?"

"निळा," संगमेश म्हणाला. "अस्सल निळा. मी कापडाचा माणूस हाय."

"छट्," सटवाजी म्हणाला. "मोरपंखी. माझ्या हॉटेलातल्या टीव्हीवर मोरपंखीच दिसतो."

"तुमचा टीव्ही विलासराव मुख्यमंत्री होते तवाचा... जाऊ द्या, किती जुना हाय ते सांगू का?"

"जुना असला तरी खोटं बोलत न्हाई."

बायकांमधून कोणी अस्मानी म्हणालं, कोणी फिरोजी, एक म्हातारी म्हणाली की तिला तर डगला दिसलाच नाही, ती घोड्यांकडं बघत होती. गलका उठला. बेगमबी ऐकत राहिली. एवढ्या दिवसांत तिच्या कानांनी असा दगा दिला नव्हता. दुकानात एक पोरगी आणि एक नागाबाई असायची, दोन मतं जुळायची. इथं जेवढी तोंडं तेवढे रंग. आणि मागून अकरमचा आवाज आला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "अम्मी, त्यांचं सोडा. तुम्हाला कोणता दिसतो?"

 

बेगमबीनं पडद्याकडं बघितलं. तिला हिरवट, मळकट काहीतरी दिसलं. खोटं बोलायचंच तर जोरात बोलावं, असा तिचा जन्माचा शिरस्ता होता. तिनं मान ताठ केली. "हिरवा," ती म्हणाली. "मेथीच्या पाल्याचा. वर पाणी शिंपडल्यावर दिसतो तसला."

राजकन्या म्हणाली, "पण आजी, हा तर—" आणि एकदम "आई गं" करून दंड चोळायला लागली. डासांचा सुळसुळाट झालाय, असं बेगमबीला वाटलं.

"मेथीच हाय," नागाबाई म्हणाली. "रोज जुड्या बांधते मी. मला कळंना व्हय?"

सटवाजीनं कपबश्या गोळा करता करता म्हटलं, "आता नीट बघितलं तर हिरवाच. मोरपिसातबी हिरवाच असतो म्हणा की बराचसा."

राहिला संगमेश. तो म्हणाला, "माझा टीव्ही जरा निळा दाखवतो. मेकॅनिकला दाखवायला पाहिजे."

बेगमबीच्या जिवात जीव आला. तिनं मागं वळून अकरमला विचारलं, "आता? काय म्हणतोस?" अकरम म्हणाला, "मी काय म्हणणार, अम्मी? मी फ्रिजवाला माणूस." आणि चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी नागाबाईनं मेथीची एक टवटवीत जुडी आणून पातेल्याशेजारी ठेवली. "ही घे तुझी चिंधी." बेगमबीनं तुटक्या कडीचा डबा उघडला, पिवळ्याची चिमूट टाकली, मीठ घातलं, काठीनं ढवळलं. कापड बुडवलं, उचललं, कोपरा पातेल्याच्या गरम झाकणावर वाळवून पाहिला, म्हणजे पाहिल्यासारखं केलं. संध्याकाळी डगले दोरीवर फडफडत होते आणि चिंधीची भाजी दोघींनी मिळून खाल्ली.

स्नेहसंमेलनाला अर्धी गल्ली जीप करून रेणापूरला गेली. पोरींनी मैदान गाजवलं. लेझमीचा ठेका, हिरव्या डगल्यांची गिरकी, शिट्ट्या थांबेनात. एकही डगला परत आला नाही. बेगमबीनं अकरमला फोन लावून एवढंच विचारलं, "आलं का काही परत?" तो म्हणाला, "न्हाई, अम्मी." ती म्हणाली, "मग ठेव फोन."

त्यानंतर तर कहरच झाला. संगमेशनं दुकानात ओढण्या लावल्या आणि रंगाचं नाव सांगायला लागला, चिनी हिरवा. किल्लारीच्या बाया जीपमधून उतरून थेट तोच रंग मागायला लागल्या. नागाबाईनं आपलं लुगडं रंगवून घेतलं. सटवाजीनं खांद्यावरचा पंचासुद्धा. गल्ली अशी दिसायला लागली, की कोणी वरून मेथी टाकली असावी. बेगमबीनं पाटावर बसून, मिशा असत्या तर, पिळल्या असत्या.

पण तिला एक गोष्ट आतून खायला लागली. पिक्चरवरची भांडणं काही थांबली नव्हती. रोज सकाळी सटवाजी भावाची बाजू मांडायचा, नागाबाई राणीची. संगमेश मधेच राजाला जिवंत करायचा. आता बेगमबीनंही पिक्चर बघितला होता, तेव्हा सगळे तिला विचारायचे, "तुमचं काय म्हणणं?" आणि तिला म्हणायला काहीच नव्हतं. मुखवटेवाला तिला दिसलाच नव्हता. धुक्यात चहा ओतल्यासारखं काहीतरी दिसलं होतं. जिनं गल्लीतल्या प्रत्येक लग्नावर, प्रत्येक सुनेवर, नगरपालिकेवर आणि पावसावर मत दिलं, तिला एका चिन्यावर मत नसावं! हे तिला सहन होईना. डोळे नसले तरी चालेल, पण मत नसलं तर जगायचं कशाला?

शेवटी एका दुपारी तिनं नागाबाईला हाक मारली आणि शेगडीकडं बघत म्हणाली, "माझ्या डोळ्यात जरासा कचरा गेलाय. उदगीरला दाखवावं म्हणते. येतीस का?" नागाबाई म्हणाली, "कधीची वाट बघून राहिले मी." बेगमबीला ह्या बोलण्याचा अर्थ विचारायचा होता, पण भीतीनं राहून गेलं.

अकरमला सांगितलं, जळकोटला बहिणीकडं चालले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सुईच्या विचारानं ती एवढी किंचाळली म्हणे, की डॉक्टर म्हणाले, अजून मी हात धुऊन राहिलोय. वाफेजवळ जायला परवानगी मिळेपर्यंत दुकान बंद होतं. त्या काळात येईल त्या गिऱ्हाइकाला नागाबाई सांगायची, "बहिणीकडं गेलीय, तिथंबी भांडण लागलंय, येईल उरकून."

परवानगी मिळाली आणि बेगमबी पहिल्यांदा दुकानात नाही, संगमेशकडं गेली. काळा चष्मा लावून गादीवर बसली. "लाव तुझा पिक्चर."

संगमेशच्या तोंडाचं पाणी पळालं. "चाची, टीव्ही बिघडलाय."

"चालू तर हाय."

"पिक्चर आता दाखवत न्हाईत तो," सटवाजी दारातून म्हणाला. "बंदी आली त्याच्यावर."

"लाव," बेगमबी म्हणाली, आणि लोडाला अशी टेकली की संध्याकाळपर्यंत उठणार नाही.

लागला. तिनं चष्मा काढला. घोडे काळे होते. मैदान पांढरं होतं, खरं पांढरं, साबण बदनाम झाला होता बिचारा. माणसांना चेहरे होते. आणि मग ढोल वाजले, बाईनं गिरकी घेतली आणि पडदा भरून गेला.

निळा. दिवाळीनंतरच्या सकाळी आभाळ असतं तसला निळा. त्यात हिरव्याचा एक थेंबही नव्हता.

बेगमबी बघत राहिली. मग तिनं मान वळवली. दारात हिरवा पंचा घेऊन सटवाजी उभा होता. गल्ल्यामागं हिरव्या ओढण्यांच्या गठ्ठ्याआड संगमेश काहीतरी शोधत होता. शेजारी नागाबाई, अंगावर हिरवंगार लुगडं, जमिनीकडं बघत बसलेली.

"नागाबाई, हा निळा हाय."

"व्हय."

"कधीपासून?"

"पयल्यापासूनच."

"आन तू मेथी म्हणालीस."

"मग काय म्हणू? अकरम मागं बसलेला. तू नांदेडला गेली असतीस, आन मी समोर कोणाचं तोंड बघत भाजी विकली असती?"

बेगमबीचा आवाज खाली आला. "म्हणजे माझे डोळे गेलेत हे तुला ठाऊक होतं."

"मला एकटीला? अगं, संगमेश तुझ्याकडं गिऱ्हाईक पाठवायचा ते शिकवून पाठवायचा. म्हातारीनं चिंधी हलवून विचारलं की रंगाचं नाव मोठ्यानं आन नीट सांगायचं, म्हणून. तुला वाटायचं, तू आम्हाला बनवून राहिली."

"अकरमला?"

"त्याला निळाच दिसला की. त्याचे डोळे धड हायत. तू हिरवा म्हणालीस तेव्हा त्यानं मान खाली घातली. जाताना सटवाजीला म्हणाला, अम्मीला दवाखान्यात जायला मनवा, पण दुकानाचं नाव काढू नका. कुलूप लावलं तर मरून जाईल ती."

बेगमबीच्या नव्या डोळ्यातून पाणी आलं. डॉक्टरनं रडायला मनाई केली होती, म्हणून तिला त्याचाही राग आला. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा मोठं काहीतरी छातीत दाटलं होतं, ज्याला तिच्याकडं शिवी नव्हती. एवढी सगळी माणसं महिनोन्महिने हिरवं नेसून हिंडली, केवळ तिनं म्हटलं म्हणून. तिनं पदरानं डोळा टिपला आणि खेकसली, "पिक्चर का थांबवला रे? चालू कर."

शेवट आला. धुकं. मुखवटेवाला आला, राजाला मारलं, निघून गेला. बेगमबी पुढं सरकून बघत होती. मुखवटा निघालाच नाही. कोण ते पिक्चरनं दाखवलंच नव्हतं. डोळा कापून घेतला तो ह्याच्यासाठी! सगळे श्वास रोखून तिच्याकडं बघत होते. सटवाजी म्हणाला, "आता तर तुम्हाला धडधडीत दिसलं. सांगा, भाऊ होता ना?"

बेगमबीनं नागाबाईकडं बघितलं.

"राणी," ती म्हणाली. "मुखवट्याखालून कुंकू दिसलं मला."

"चिन्याच्या राणीला कुंकू?" सटवाजी म्हणाला.

"नवीन डोळा माझा हाय का तुझा?"

सटवाजीनं पंचा झटकला आणि चहा गाळायला गेला. नागाबाई कितीतरी दिवसांनी तोंड भरून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेगड्या पेटल्या. एक नवखी पोरगी निळ्या रेशमाची चिंधी घेऊन आली. बेगमबीला तिच्यातला धागा न् धागा दिसत होता. तिनं ती दोन बोटांत धरली, उजेडात हलवली आणि डाफरली, "सांग बघू, कोणता हाय?"

पोरगी घाबरली. समोरून नागाबाई ओरडली, "निळा हाय तो, निळा."

"चूक," बेगमबी म्हणाली. "हिरवा."

"बरं, हिरवा," नागाबाई म्हणाली आणि भाजीवर पाणी मारायला लागली. बेगमबीनं ढिल्या झाकणाचा डबा उघडला आणि निळी भुकटी पाण्यात टाकली.